पारास्काचं निळं पातेलं

कुणी काही द्यायला हात पुढे केला की यारिनाचं डोकंच फिरायचं. मदत घेऊन आपण जायचं, आणि परतताना गाडीत काय, तर काकड्यांच्या बरण्या, बीटाचं लोणचं, सुकवलेली सफरचंदं, एकदा तर चक्क जिवंत कोंबडा! पोल्तावा शहरात बावीस वर्षं विजेच्या तारांवरची ट्रॉलीबस चालवलेली बाई ती. स्टॉप आला की दार उघडायचं, दार लावायचं, पुढे निघायचं. आता तिच्याकडे एक जुनी जर्मन व्हॅन होती, आणि गेले तीन हिवाळे ती त्या व्हॅनमधून शेगड्या, जळणाच्या लाकडी विटा, मेणबत्त्या आणि औषधं घेऊन नदीकाठच्या गावांना जात होती. "मी माल आणते, माल नेत नाही," हे तिचं वाक्य त्या भागातल्या समस्त म्हाताऱ्यांना पाठ झालं होतं. ऐकत मात्र एकही नव्हती.

ऐकणार तरी कशा? आमच्याकडे भांडं रिकामं परत करत नाहीत. शेजारणीने वाडगाभर मलई दिली, तर वाडगा परत जाताना त्यात निदान दोन अंडी हवीत. घरावर छप्पर उरलेलं नसलं तरी हवीत. यारिनाच्या आईनेही तिला हेच शिकवलं होतं, पण युद्ध लागल्यापासून यारिनाला वाटायचं, ज्यांच्याकडे काही उरलेलं नाही त्यांनी तरी हा हट्ट सोडावा. डिझेल काय फुकट मिळतं बरण्या वाहायला?

जानेवारीतली ती सकाळ उणे अठराची होती. व्हॅनचा हीटर आदल्या दिवशीच बंद पडला होता. शेजारच्या सीटवर ओस्ताप मास्तर दोन कांबळी गुंडाळून बसले होते. शाळेत संगीत शिकवून निवृत्त झालेले, त्रेसष्ट वर्षांचे, रस्त्यांचा नकाशा तोंडपाठ आणि तोंडाचा पट्टा अखंड चालू. त्यांच्या मांडीवर जाड अस्तराची एक पिशवी होती. उन्हाळ्यात ती औषध गार ठेवायची, हिवाळ्यात गोठू द्यायची नाही. तिच्यात चार डबे इन्सुलिन होतं. एकदा गोठलं की त्याचा उपयोग शून्य.

ते चाललं होतं नदीपलीकडच्या तोपोलिव्काला, नर्स उस्तिनाकडे. गावात चौघांना ते लागत होतं. तिघांकडे शनिवारपर्यंत पुरेल एवढं होतं. चौथी होती उस्तिनाची स्वतःची मुलगी, अकरा वर्षांची झ्लाता. सकाळी उस्तिनाचा निरोप आला होता, "आत्ताचं दिलं. रात्रीसाठी घरात काही नाही. येताय ना?" यारिनाने उत्तर धाडलं होतं, "मी कधी आले नाही का?"

आणि खरंच, ती कधी आली नाही असं झालं नव्हतं.

वाटेत पहिला थांबा क्रिनिच्ने. तिथला माल पारास्का आजीच्या अंगणात उतरायचा, कारण सगळ्या गावात तिचंच फाटक धड उरलं होतं. आजी एकोणऐंशी वर्षांची, हाताने चपळ, कानाने तिखट.

"आलीस गं पोरी? आत ये, टेबलावर मांडलंय सगळं," आजी दारातूनच म्हणाली.

"वेळ नाही, आजी. पूल तीनला काढतात."

"मग घेऊन जा बांधून."

"आजी, मी माल आणते..."

"...माल नेत नाहीस. ठाऊक आहे. बहिरी नाही मी."

माल उतरवायला चाळीस मिनिटं तरी लागणार होती. तेवढ्या वेळात हीटर नसलेल्या गाडीत औषध गोठलं असतं, म्हणून यारिनाने पिशवी आत नेली आणि शेगडीपासून लांब, बाकावर ठेवली. ही पिशवी कुणाची, तिच्यात काय आहे, एका शब्दानेही सांगितलं नाही. बोलायला थांबलं की बरणी गळ्यात पडणार, हे तिला पक्कं माहीत होतं. ठेवली आणि पाठ फिरवली.

शेगड्या उतरल्या, विटांची पोती उतरली. निघताना आजी राखेची बादली घेऊन गाडीपाशी आली. "हे तरी ने, चाकांखाली टाकायला. खाली टेकडीवर बर्फाचा आरसा झालाय."

"माझे टायर नवे आहेत, आजी."

"टायर नवे, चालवणारी जुनी," आजी पुटपुटली आणि बादली परत घेऊन गेली. मास्तरांनी आतून पिशवी उचलून आणली, मांडीवर घेतली, आणि व्हॅन निघाली.

तिथून नदीवरचा तरंगता पूल एकतीस किलोमीटर. सकाळी जोडायचे, तीनला सोडवायचे तो. डांबर सोडून एक पाऊलही बाजूला टाकायची सोय नाही, दोन्हीकडच्या शेतांत सुरुंग पेरलेले. घसरत, सावरत त्यांना सत्तर मिनिटं लागली. पुलाच्या चौकीवर चौघे शिपाई होते. त्यांच्यातल्या हवालदाराचं नाव लुक्यान, पण सगळे त्याला 'मधवाला' म्हणत. युद्धाआधी तो मधमाश्या पाळायचा, आणि अजूनही कुणी विचारलं नाही तरी मधमाश्यांबद्दल सांगायचा.

"मावशी, पिशवी उघडून दाखवा. नियम आहे."

"उघड बाबा, पण लवकर. वारा लागू देऊ नकोस. एका लेकराचा जीव आहे त्यात."

मधवाल्याने चेन ओढली. आतून वाफ आली, आणि तिच्यासोबत तळलेल्या कांद्याचा घमघमाट. पिशवीत जाड टॉवेलात गुंडाळलेलं, निळ्या एनॅमलचं पातेलं होतं. त्याने झाकण उचललं. आत वारेनिकी, म्हणजे बटाट्याचं सारण भरून उकडलेल्या करंज्या, लोण्यात न्हालेल्या, काठोकाठ.

"मावशी," तो म्हणाला, "कांदा मात्र झकास तळलाय."

यारिनाने पिशवीत हात घालून तळ चाचपला. पिशवी उलटी केली. काही नाही.

"मास्तर!"

"मला काय माहीत?" मास्तरांचा चेहरा बर्फाहून पांढरा पडला होता. "कोमट लागत होती. म्हटलं, घरात होती म्हणून असेल."

"आणि जड नाही लागली?"

"लागली. पण तुमची कुठली वस्तू हलकी असते, यारिनाबाई?"

एरवी यारिनाने त्यांना तिथल्या तिथे सोलून काढलं असतं. पण सगळं एका क्षणात तिच्या लक्षात आलं होतं. मागच्या खेपेला याच पिशवीतून पारास्का आजीच्या रक्तदाबाच्या गोळ्या गेल्या होत्या. म्हातारीला वाटलं, पिशवी बाकावर ठेवली म्हणजे यातलंही औषध आपल्याच गावाचं. तिने ते काढून घेतलं, आणि पिशवी रिकामी कशी द्यायची म्हणून वारेनिकी भरल्या. यात म्हातारीचा काय दोष? आपणच तोंड उघडलं नाही. बरणी चुकवायच्या नादात आपण एका पोरीचं इन्सुलिन मागे टाकून आलो. यारिनाला स्वतःचा असा राग आला की हातातल्या किल्ल्या तळहातात रुतल्या.

"किती वाजले?"

"एकला पाच कमी," मास्तर म्हणाले. "फोनला रेंज नाही. यारिनाबाई, उद्या सकाळी..."

"उद्या सकाळी काय? रात्री त्या पोरीला काय देऊ, वारेनिकी?" ती मधवाल्याकडे वळली. "मी परत जाऊन येते. तीनच्या आत."

मधवाल्याचा चेहरा आता गंभीर झाला होता. "मावशी, तीन म्हणजे तीन. उजेड उतरला की ड्रोन नदीवरून फिरतात. पाण्यात पूल दिसला की संपलं. गेल्या आठवड्यात आम्ही पाच मिनिटं उशीर केला, तर पुलाचा एक तुकडाच गेला. आमचा एक माणूसही." तो थांबला. "तुम्ही आला नाहीत, तर पूल नसेल. हे आत्ताच सांगून ठेवतो."

"मी कुठे तुला थांब म्हणतेय?" यारिनाने पातेलं त्याच्या हातात कोंबलं. "चौघं आहात ना? गरम आहे तोवर खा. आणि पातेलं घासून ठेव. दुसऱ्याचं आहे."

व्हॅन वळली.

आता सांगायला हवं, बावीस वर्षांत यारिनाची ट्रॉलीबस एकदाही उशिरा पोहोचली नव्हती. एकदा तारा तुटल्या तेव्हा तिने उतारूंना खाली उतरवून बस ढकलायला लावली होती, आणि तरी वेळेत नेली होती. अशी बाई गाडी हाकायला लागली की मास्तरांसारखा माणूससुद्धा गप्प बसतो. मास्तर गप्प बसले. सत्तर मिनिटांचा रस्ता तिने पंचावन्न मिनिटांत मारला. वळणावर ब्रेकला पाय लावायचा नाही, गिअर उतरवायचा, आणि गाडीला वाटू द्यायचं नाही की आपण घाबरलोय. घाबरलेली तर यारिना होतीच. डोक्यात एकच घोळत होतं, म्हातारीने ठेवलं कुठे? शेगडीवरच्या फळीवर ठेवलं असेल तर शिजलं असेल. ओसरीत ठेवलं असेल तर गोठलं असेल.

पारास्का आजी बटाटे सोलत होती.

"काय गं, विसरलात काही?"

"आजी, पिशवीतलं औषध! कुठे ठेवलंत?"

"तळघरात."

"तळघरात कुठे?"

"बटाट्यांपाशी. आणखी कुठे? डब्यावर छापलंय, थंड जागी ठेवा, गोठवू नका. मला काय वाचता येत नाही? माझं तळघर जानेवारीत असो की जुलैत, चार अंशांवर असतं. तुझ्या त्या पिशवीपेक्षा बरं."

यारिना तळघराची शिडी दोन-दोन पायऱ्यांनी उतरली. बटाट्यांच्या ढिगाशेजारी, स्वच्छ रुमालावर, चारही डबे एकावर एक रचून ठेवलेले होते, जणू देवघरात मांडलेत. तिने एक उघडून इन्सुलिनचं पेनासारखं इंजेक्शन उजेडात धरलं. आतलं पाण्यासारखं स्वच्छ. तिचा जीव भांड्यात पडला. तिथेच बटाट्यांवर बसून तिने दोन खोल श्वास घेतले.

वर आली तेव्हा आजी हात पुसत उभी होती. तिचा चेहरा उतरला होता.

"दुसऱ्या गावाचं होतं?"

"तोपोलिव्काचं. तिथल्या नर्सच्या पोरीला आज रात्री लागणार आहे."

"अगं बाई!" आजीने तोंडावर हात ठेवला. "उद्या आमची नर्स येणार, तिच्या हवाली करणार होते मी. पण तूही काही बोलली नाहीस, पोरी. आलीस, ठेवलीस, पाठ फिरवलीस. मी काय चोरटी आहे, की बोलायचंच नाही माझ्याशी?"

"माझंच चुकलं, आजी," यारिना म्हणाली. हे वाक्य मास्तरांनी तिच्या तोंडून तीन हिवाळ्यांत पहिल्यांदा ऐकलं.

"बरं, आता वेळ घालवू नकोस. बस."

"आजी, दोन वाजत आले!"

"म्हणूनच म्हणते, बस. प्रवासाला निघताना घडीभर टेकायचं असतं. सकाळी न टेकता गेलीस, बघ काय झालं ते."

यारिना बाकावर टेकली. मास्तर टेकले. पारास्का आजीही टेकली. मग आजीनेच म्हटलं, "जा." यारिनाने डबे कोटाच्या आत, स्वेटरच्याही आत, थेट पोटाशी धरले आणि वरून पट्टा आवळला. दारात राखेची बादली तशीच होती. या वेळी तिने ती न सांगता उचलली.

"सगळी ने," आजी म्हणाली. "बादलीसकट."

टेकडीवर ती राख नसती, तर ही गोष्ट इथेच संपली असती. चढाच्या मधोमध लष्कराचा एक ट्रक आडवा झाला होता. चाकं जागच्या जागी फिरत होती, आणि दोन शिपाई फावड्याने बर्फ उकरत, एकमेकांवर ओरडत होते. बाजूने जायला जागा नाही. बाजूला सुरुंग.

यारिना उतरली. "कुणी शिकवलं रे तुम्हाला गाडी चालवायला? रेस देऊ नकोस, खड्डा खणतोयस तू! चाक सरळ कर. मास्तर, राख आणा!"

"बाई, तुम्ही कोण?" ट्रकमधल्या पोराने विचारलं.

"मी ट्रॉलीबस आहे. चाक सरळ कर म्हटलं ना!"

मास्तरांनी मागच्या चाकांखाली राख ओतली, यारिनाने बुटाने ती नीट पसरली. पोराने हळू क्लच सोडला. ट्रक थरथरला, एक वीत पुढे सरला, मग दोन, मग सरळ झाला. उरलेली राख यारिनाने स्वतःच्या वाटेवर फेकली. या सगळ्यात सतरा मिनिटं गेली. मास्तरांनी घड्याळाकडे बघितलं, आणि मग बाही खाली ओढली.

"सांगा ना, किती," यारिना म्हणाली.

"नाही सांगत. तुम्ही चालवा."

ती चालवत राहिली. पोटाशी डबे कडक लागत होते. तिला उस्तिना दिसत होती, फाटकात उभी असलेली. मी कधी आले नाही का, असं लिहिलं होतं आपण. किती तोऱ्यात लिहिलं होतं. तीन वाजले ते तिला घड्याळाशिवाय कळलं, नदीकडचा उजेड पिवळा व्हायला लागला की तीन वाजतात. अजून आठ किलोमीटर होते. पूल गेला असेल. गेला असला तर नदी बर्फावरून चालत ओलांडायची, ओस्ताप मास्तरांना गाडीपाशी ठेवायचं. बर्फ किती जाड आहे कुणास ठाऊक. पाय घसरला तर डबे डोक्यावर धरायचे. तिने सगळं ठरवून टाकलं.

शेवटचं वळण आलं, आणि नदी दिसली.

पूल होता.

चौघेही शिपाई दोरांपाशी उभे होते, मोटरबोटीचं इंजिन चालू होतं, आणि चौघांच्याही माना वर, आभाळाकडे. मधवाला धावत आला. त्याच्या हातात निळं पातेलं होतं, बर्फाने घासून लख्ख केलेलं, झाकण दोरीने बांधलेलं. त्याने ते खिडकीतून आत दिलं.

"किती वाजले?" यारिनाने विचारलं.

"तीन वाजून दहा."

"तू तर म्हणाला होतास..."

"म्हणालो होतो. पण मावशी, पातेलं रिकामं होतं." तो एकदा वर बघून भरभर बोलला. "घरी असतो तर मध भरून दिला असता, लिंडनच्या फुलांचा, पांढरा. इथे काय आहे माझ्याकडे? आम्ही चौघांनी ठरवलं, यात दहा मिनिटं घालू. चौघंही हो म्हणाले. आता जा, खरंच जा."

यारिनाने काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, पण डोळेच घळाघळा वाहायला लागले. मास्तरांनी तिच्या वतीने टोपी काढली.

"रडू नका हो मावशी, चालवा!" मधवाला ओरडला.

तिने चालवली. पुलाच्या फळ्या चाकांखाली खडखडल्या. पलीकडे पोहोचल्यावर तिने आरशात बघितलं, तर पुलाचे तुकडे सुटून एकेक करून काठाच्या झाडीत शिरत होते. ती गाडी थांबवून बघत राहिली. शेवटचा तुकडा दिसेनासा झाला, चार माणसं त्याच्यामागे झाडीत गेली. तिने मोजली, चार. मगच तिने पहिला गिअर टाकला.

उस्तिना फाटकातच होती. ती नुसती यारिनाच्या तोंडाकडे बघत राहिली. यारिनाने स्वेटरखालून एकेक डबा काढून तिच्या ओंजळीत ठेवला. डबे अंगाच्या उबेने कोमट झाले होते.

"गोठलं नाही ना?" झ्लाताने आतून विचारलं. पांढरी पडलेली, पण डोळे चलाख.

"माझ्या या पोटापाशी आजवर काहीही गोठलेलं नाही, बाळा."

झ्लाता हसली. मग तिने शर्ट वर केला, स्वतःच जागा निवडली, स्वतःच सुई टोचली, आणि दहापर्यंत मोजलं. उस्तिना भिंतीला टेकून उभी होती. मोजणं संपलं तेव्हा ती खुर्चीवर बसली आणि एप्रनमध्ये तोंड लपवून रडली. मास्तर उगाचच खिडकीबाहेर बघत राहिले.

मग चहा झाला, गरम कोबीचं सूप झालं. रात्री इथेच राहायचं होतं, पूल सकाळी आठला जोडला जायचा. उस्तिना फळीपाशी जाऊन घुटमळली. "तुम्हाला काही द्यावं तर तुम्ही घेत नाही," ती म्हणाली. "सगळ्या गावाला माहीत आहे."

यारिना उठली, गाडीतून निळं पातेलं आणलं आणि टेबलावर ठेवलं.

"यात घाल काहीतरी," ती म्हणाली. "सकाळी पुलावरच्या एका पोराला द्यायचंय. त्याच्याकडून पारास्का आजीकडे जाईल. रिकामं कसं नेऊ?"

"काय घालू?"

"मध आहे का तुझ्याकडे?"

उस्तिना चमकली. "आहे की! लोक देतात, आणि पडून राहतो. झ्लाताला चालतो कुठे? रक्तातली साखर एकदम उतरली तर चमचाभर, एवढंच."

तिने फळीमागून एक मोठी बरणी काढली, मग दुसरी. मध थंडीने घट्ट होऊन पांढरा झाला होता. झ्लाताने लाकडी चमचा मागून घेतला, आणि आई तू नको, मी भरते म्हणत असतानाही बरणीतून खरवडून पातेल्यात घालायला लागली. पातेलं अर्धं भरलं तेव्हा मास्तर म्हणाले, पुरे झालं की.

"नाही पुरे," यारिना म्हणाली. "काठोकाठ भर, बाळा. दहा मिनिटं होती यात."